न्हाणीघराचा पडदा आणि पक्का रंग

घर नवे असो वा जुने, न्हाणीघराच्या खिडकीवरील पडद्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. दिवाणखान्यातील पडद्याला पाहुण्यांची वाहवा मिळते. न्हाणीघरातील पडद्याच्या वाट्याला सकाळचे कोवळे ऊन, दुपारचे कडक ऊन, बंबाची वाफ आणि साबणाचे शिंतोडे एवढेच येतात. वर्ष-दोन वर्षांत त्याचा हिरवा रंग राखी होतो, निळा पांढुरका होतो आणि गुलाबी तर होता की नव्हता अशी शंका यावी इतका नाहीसा होतो. गृहिणी दुकानदाराला दोष देते, दुकानदार गिरणीकडे बोट दाखवितो, आणि गिरणीवाला रंग पुरविणाऱ्याचे नाव घेतो. तक्रार लहान दिसते. परंतु उन्हात न उडणारा रंग कोणता आणि तो उडाला तर जबाबदार कोण, या दोन प्रश्नांनी राजांचे मंत्री, रसायनशास्त्रज्ञ, कारखानदार आणि शेतकरी अशा सर्वांना शतकानुशतके गुंतवून ठेविले आहे. त्या साध्या पडद्यामागे एक मोठा इतिहास उभा आहे.

सर्व रंग उन्हापुढे सारखे नसतात, हे महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वापार माहीत आहे. पातळावर हळदीचा डाग पडला तर जाणती बाई घासत बसत नाही. ते धुऊन उन्हात वाळत घालते आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका पडलेला असतो. पाण्याने आणि साबणाने जे साधत नाही ते सूर्य करतो. उलट निळीत बुडविलेले लुगडे शेतावरच्या उन्हात वर्षानुवर्षे वापरले, तरी निळाईची खूण अंगावर बाळगून असते. हळदीचा रंग कच्चा आणि निळीचा पक्का, ही विभागणी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीची आहे. मात्र कच्चा व पक्का हे शब्द दोन निरनिराळ्या परीक्षांना लागू पडतात हे ध्यानात ठेविले पाहिजे. धुण्यात टिकणारा रंग उन्हात टिकेलच असे नाही, आणि उन्हात टिकणारा धुण्यात टिकेलच असेही नाही. न्हाणीघरातील पडद्याला या दोन्ही परीक्षा एकाच वेळी द्याव्या लागतात; त्याची खरी अडचण हीच आहे.

या दोन्ही परीक्षांत उतरणारे कापड जगाला प्रथम मोठ्या प्रमाणावर दिले ते हिंदुस्थानच्या रंगाऱ्यांनी. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरील चिटे युरोपात पोहोचली आणि तेथील श्रीमंतांच्या पलंगांवर व खिडक्यांवर झळकू लागली. युरोपातील छापील कापड पाण्यात घातले की रंग सोडी. हे कापड धुतले तरी तजेलदार राही. त्याचे रहस्य तुरटी व लोहाचे क्षार यांत होते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात व म्हशीच्या दुधात भिजवीत, त्यावर तुरटीच्या किंवा लोहाच्या द्रावणाने नक्षी काढीत आणि मग ते 'चाय' नावाच्या मुळाच्या रंगात उकळीत. जेथे तुरटी लागली असेल तेथे लाल रंग धाग्याशी कायमचा जखडला जाई; जेथे ती नसेल तेथे तो वरवर बसे. यानंतरची पायरी मोठी मार्मिक होती. कापड शेणाच्या पाण्यातून काढून अनेक दिवस उन्हात पसरीत. कच्चा बसलेला रंग ऊन खाऊन टाकी आणि पक्की नक्षी पांढऱ्या जमिनीवर उठून दिसे. ज्या सूर्याला इतर रंगारी भीत, त्यालाच या रंगाऱ्यांनी कामाला लावले होते. केर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७४२ साली या साऱ्या कृतीचे तपशीलवार वर्णन पत्राने फ्रान्सला कळविले. ते पत्र युरोपच्या छपाई-उद्योगाला किती मोलाचे वाटले असेल हे सांगावयास नको.

कारण तोवर युरोपातील विणकरांनी या कापडाविरुद्ध ओरड करून कायदे करून घेतले होते. फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७२१ साली अशा कापडाच्या वापरावर बंदी आणली. बंदीने मागणी थांबली नाही, हे निराळे सांगणे नको. पण या नामांकित चिटांतही एक दुबळा दुवा होता. हिरव्या पानांसाठी रंगारी निळीवर पिवळ्या रंगाचा हात देत. तो पिवळा वनस्पतिजन्य असे आणि उन्हाला टिकत नसे. म्हणूनच आज संग्रहालयांतील जुन्या चिटांवर वेली निळ्या पानांच्या दिसतात. पाहणाऱ्याला ती कलावंताची कल्पना वाटते. वस्तुतः नीळ उरली आणि पिवळा उडाला, इतकाच त्याचा अर्थ. युरोपातील जुन्या विणलेल्या भित्तिपटांवरील निळी झाडे हीच हकीकत सांगतात. मिश्र रंगात एक भागीदार आधी गेला की मागे तिसराच रंग राहतो, हा धडा पडदा निवडणाऱ्यास आजही उपयोगी आहे.

रंग पक्का की कच्चा हा केवळ ग्राहकाचा प्रश्न नसून राज्याच्या पतीचा प्रश्न आहे, हे ओळखणारा मुत्सद्दी म्हणजे चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर. फ्रेंच कापड परदेशांत खपावयाचे तर त्याचा रंग विश्वासाचा हवा, असे जाणून त्याने १६६९ साली रंगाऱ्यांसाठी नियम घालून दिले. पक्के रंग देणारे आणि कच्चे रंग देणारे असे रंगाऱ्यांचे दोन वेगळे वर्ग ठरले. एकाने दुसऱ्याचे द्रव्य वापरावयाचे नाही, असा दंडक होता. परंतु कोणते द्रव्य पक्के हे ठरवावयाचे कसे? प्रारंभी रूढीवरच भिस्त होती. अठराव्या शतकात द्यु फे या शास्त्रज्ञाने तो प्रश्न प्रयोगावर आणून सोडला. विजेचे दोन प्रकार असतात हे प्रथम सांगणारा तो हाच. त्याने नानाविध द्रव्यांनी लोकर रंगविली आणि ते नमुने बारा दिवस उन्हावाऱ्यात ठेवून पाहिले. जो रंग तग धरी तो पक्का, जो उतरे तो कच्चा. त्याच्या मागून एलो याने हे काम चालविले व १७५० साली लोकर रंगविण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगाऱ्याच्या शब्दाऐवजी सूर्याची साक्ष ग्राह्य मानण्याची पद्धत तेव्हापासून शास्त्रात रूढ झाली.

याच सुमारास युरोपात खिडकीचा एक नवा पोशाख लोकप्रिय होत होता. लाकडी पट्ट्या दोरीने वरखाली करता येणारे 'व्हेनिशियन' पडदे पूर्वीही होते; लंडनच्या एडवर्ड बेव्हनने त्यांतील सुधारणेचे पेटंट १७६९ साली घेतले. या पट्ट्यांना हिरवा रंग देण्याची आवड पुढे वाढली, आणि हिरव्या रंगाने पुन्हा पेच टाकला. तांब्याच्या गंजापासून केलेला जंगाल कालांतराने काळवंडे. १७७५ साली शेले याने तांबे व सोमल यांच्या संयोगाने नवा हिरवा रंग बनविला आणि १८१४ च्या सुमारास त्याहूनही तेजस्वी असा पाचूसारखा हिरवा बाजारात आला. भिंतीचे कागद, कृत्रिम फुले, खिडकीचे पडदे, सर्वत्र तो पसरला. पण त्यात सोमल, म्हणजे जहाल विष होते. त्याची धूळ श्वासात जाई, आणि ओलसर भिंतींवर बुरशी धरली तर तीतून सोमलाचा विषारी वायू निघू शकतो, असे गोसियो या इटालियन संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. रंग टिकाऊ आहे एवढ्याने तो घरात आणण्यास योग्य ठरत नाही, हे युरोपला फार महागात पडून कळले.

१८५६ साली रंगांच्या इतिहासाने मोठे वळण घेतले. विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून क्विनीन बनविण्याच्या खटपटीत असता त्याच्या हाती जांभळा रंग लागला. पाठोपाठ किरमिजी, निळे, हिरवे असे अॅनिलिनचे रंग निघाले. ते स्वस्त होते आणि डोळे दिपविणारे होते. परंतु त्यांतील अनेक रंग उन्हापुढे काही आठवड्यांचे सोबती ठरले. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराला ही झगमग इतकी असह्य झाली की, त्याने १८७५ नंतर लीक गावातील टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यात स्वतः हात रंगवून घेऊन नीळ व मंजिष्ठा यांची जुनी विद्या पुन्हा जागी केली. तथापि सगळे कृत्रिम रंग कच्चेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६८ साली ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीतील युरोपीय मुळाचे रंगद्रव्य, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनविले. ते मुळातील द्रव्याशी तंतोतंत एकरूप होते आणि तितकेच पक्के होते. फ्रान्समधील मंजिष्ठेची शेती त्यामुळे थोड्याच वर्षांत बसली. दोष कृत्रिमपणात नव्हता. रेणूच्या घडणीत होता.

प्रकाश रंगाला नेमके काय करतो, याचा पद्धतशीर शोध लागण्यास निमित्त झाले एका वादाचे. लंडनच्या संग्रहालयातील जलरंगांची चित्रे उजेडाने खराब होत आहेत, अशी ओरड १८८६ साली झाली. चौकशीचे काम डॉ. रसेल व कॅप्टन अॅब्नी यांजकडे सोपविण्यात आले. त्यांनी रंग लाविलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेविल्या; काही नळ्यांत साधी हवा, काहींत कोरडी, काहींत दमट, तर काहींतून हवा अजिबात काढून टाकलेली. १८८८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. निर्वात नळीतील बहुतेक रंग जसेच्या तसे राहिले. कोरड्या हवेत ते सावकाश विटले, आणि दमट हवेत सर्वांत जलद. प्रकाशातही निळे-जांभळे किरण अधिक घातक, लाल-पिवळे कमी, असे आढळले.

न्हाणीघरातील पडद्याचे सारे गूढ या अहवालात उलगडते. प्रकाश रंगाच्या रेणूला चेतवितो. हवेतील प्राणवायू त्या चेतलेल्या रेणूवर हल्ला करतो. आणि ओलावा त्या दोघांना साहाय्य करतो. कापूस दमट हवेतील पाणी शोषून फुगतो व रंगाभोवतीची वाट मोकळी करून देतो. म्हणून एकाच कापडाचे दोन पडदे शिवून एक झोपण्याच्या खोलीत व दुसरा न्हाणीघरात लाविला, आणि दोहोंवर सारखेच ऊन पडू दिले, तरी पुष्कळदा न्हाणीघरातील आधी विटतो. त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असे नाही.

पण लबाडी नसली तरी जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा पहिला मोठा कारखानदार स्कॉटलंडचा जेम्स मॉर्टन. १९०२ च्या सुमारास लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरून जाताना लिबर्टीच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत त्याला आपल्याच कारखान्याचे पडद्याचे कापड मांडलेले दिसले. रंग पार उतरला होता. त्याने चौकशी केली तेव्हा, माल खिडकीत लावून आठवडाच झाला आहे, असे त्याला सांगण्यात आले. दुसरा कोणी असता तर खिडकीतील माल बदलावयास सांगून मोकळा झाला असता. मॉर्टनने घरी जाऊन आपल्या आणि इतरांच्या कापडांचे नमुने गोळा केले व काचगृहात उन्हाला मांडले. काही नमुने हिंदुस्थानच्या कडक उन्हात ठेवण्यासाठी धाडले. बहुतेक रंग नापास झाले. जे थोडे उत्तीर्ण झाले तेवढेच वापरावयाचे, असा त्याने निश्चय केला. आणि काही वर्षांतच 'सनडोर' या नावाने, रंग उडाल्यास माल बदलून देऊ अशा हमीसह, आपले कापड विक्रीस आणले. 'डोर' म्हणजे स्कॉटिश बोलीत हट्टी, न नमणारा. नाव कापडाला शोभणारे होते, आणि कारखानदारालाही.

मॉर्टनला हे शक्य झाले ते जर्मनीतील एका शोधामुळे. रेने बोन हा रसायनज्ञ १९०१ साली निळीच्या रेणूत फेरफार करून पाहत असता त्याला निळीपेक्षाही उन्हाला व धुण्याला खंबीर असा निळा रंग गवसला. नीळ आणि अँथ्रासीन या दोन शब्दांवरून त्याला 'इंडांथ्रेन' नाव मिळाले. या वर्गातील रंग पाण्यात विरघळत नाहीत. नीळ पिंपात मुरवितात त्याच रीतीने त्यांना तात्पुरते विद्राव्य करून धाग्यात शिरवावे लागते. आत गेल्यावर हवेने ते पुन्हा अविद्राव्य होतात आणि तेथेच अडकून बसतात. रंगाऱ्याचे जुने पिंप नव्या रसायनाला असे उपयोगी पडले. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग येणे थांबताच मॉर्टनने ते स्वतः बनविण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९२० साली त्याच्या संस्थेतून निघालेला 'कॅलेडॉन जेड ग्रीन' हा एकजीव पक्का हिरवा रंग गाजला. चिटांवरील निळ्या पानांचे दुखणे त्याने संपविले. कारण आता हिरव्यासाठी पिवळ्याच्या भागीदारीची गरज उरली नाही. १९२८ साली त्याच संस्थेच्या ग्रेंजमाउथ येथील कारखान्यात, काचेचा थर तडकलेल्या लोखंडी पात्रात एक गडद निळसर गाळ सापडला. त्याच्या अभ्यासातून थॅलोसायनीन रंगांचा वर्ग उदयास आला. आजचे रंगलेप, छपाईची शाई आणि प्लॅस्टिक यांतील टिकाऊ निळे-हिरवे रंग बहुधा त्याच कुळातील असतात.

या यशाची दुसरी बाजू हिंदुस्थानने भोगली. जर्मनीतील कारखान्यात कृत्रिम नीळ १८९७ पासून विक्रीसाठी निघू लागली आणि बिहारच्या नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. चंपारणातील कुळांवर निळीच्या लागवडीची सक्ती होती. भाव उतरताच मळेवाल्यांनी ती सक्ती काढण्याच्या मोबदल्यात शेतसारा वाढवून घेतला किंवा रोख रक्कम उकळली, आणि आपल्या तोट्याचे ओझे कुळांच्या माथी मारले. १९१७ साली गांधीजी तेथे गेले ते याच गाऱ्हाण्यासाठी; दुसऱ्या वर्षी कायदा होऊन ती सक्ती नाहीशी झाली. पडद्याचा रंग पक्का व्हावा म्हणून युरोपात चाललेल्या खटपटीचा धक्का असा तिरहुतच्या शेतकऱ्याला बसला.

ही विद्या येथेच शिकली पाहिजे, हे ओळखणारे लोकही होते. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली कलाभवन स्थापन झाले, आणि त्यात रंगकाम व कापडछपाई हे विषय महत्त्वाचे मानले गेले. त्याचे प्रवर्तक प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रंगशास्त्रातील अधिकारी पुरुष होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली डांबर फासण्यात आले. चापेकर बंधूंनी ते आपले कृत्य म्हणून पुढे सांगितले. तेव्हा तो डाग काढून पुतळा पूर्ववत करण्याचे काम गज्जरांनी पार पाडले. रंग चढविणे आणि उतरविणे ही एकाच शास्त्राची दोन अंगे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

आज पडद्याच्या कापडाची परीक्षा लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्यांशी तुलना करून होते. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटणारी, आठवी सर्वांत चिवट. प्रत्येक पट्टीला विटण्यास मागच्या पट्टीच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. नमुना व पट्ट्या अर्ध्या झाकून उजेडात ठेवितात आणि नमुना कोणत्या पट्टीबरोबर विटला ते पाहून त्याला क्रमांक देतात. उन्हाऐवजी बहुधा झेनॉनचा दिवा असतो. पण तत्त्व द्यु फेच्या बारा दिवसांचेच. खिडकीसाठी कापड घेताना हा क्रमांक विचारावा. तो पाचाहून कमी असेल तर ते कापड बिनउजेडाच्या जागी लावणेच बरे.

इतिहासाने शिकविलेल्या आणखी काही गोष्टी गृहिणीने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडविते, आणि दूधकाच उजेड पसरविते, थांबवीत नाही. म्हणून काचेच्या भरवशावर राहू नये. पडद्याच्या उन्हाकडील अंगाला पांढरे अस्तर लाविल्यास घाव अस्तरावर पडतो. अंघोळीनंतर खिडकी उघडून वाफ बाहेर जाऊ द्यावी आणि खोली रिकामी असेल तेव्हा पडदा वर गुंडाळून ठेवावा. ब्लीचिंग पावडरचे पाणी त्याजवळ जाऊ देऊ नये, कारण उन्हाचे महिन्याचे काम ते क्षणात करते. जड पाण्याच्या शिंतोड्यांनी पांढरे डाग पडतात. ते पुष्कळांना रंग उडाल्यासारखे वाटतात, पण पाण्यात थोडे लिंबू पिळून हलक्या हाताने पुसले तर बहुधा निघून जातात. घेतानाच जमले तर, धागा काढण्यापूर्वी लगद्यातच रंग कालविलेले कृत्रिम कापड किंवा भट्टीत भाजून रंग बसविलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्याव्यात. ओलाव्याला तेथे कापसासारखा शिरकाव मिळत नाही.

इतके करूनही रंग थोडा विटेलच. सूर्यापुढे निखालस अढळ असा रंग अजून झालेला नाही. विटण्याचा काळ तेवढा लांबविता आला आहे. पण विटलेल्या कापडापुढे उभे राहून, हा माझा माल आहे आणि याचा जाब मी देईन, असे म्हणणारा कारखानदार निघाला, तेव्हा खिडकीच्या पडद्याचे दैव पालटले. कोरोमंडलचा रंगारी आपले कापड दिवसेंदिवस उन्हात पसरून ठेवी आणि जे उरेल तेच विकी. गिऱ्हाइकाच्या घरी सूर्य जी परीक्षा घेणार, ती विकणाऱ्याने आपल्या अंगणात आधी घेतलेली असावी, हा त्याचा साधा नियम होता. तो नियम ज्या ज्या वेळी पाळला गेला, त्या त्या वेळी रंग टिकला.